त्रेचाळीस बंड्यांची हजेरी

माझं अक्षर सुंदर आहे, हे मला लहानपणी कोणी सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं. पुढचा सगळा घोळ त्या अक्षरापायी झाला. वडील तहसील कचेरीत कारकून, आजोबाही कारकूनच होते. आमच्या घरात पोळी वाकडी झालेली चालायची, पण ओळ वाकडी झालेली चालत नसे. किराण्याची यादीसुद्धा वडील अकारविल्हे लिहायचे, म्हणजे आधी उडीद, मग ओवा, मग कणीक, मग गूळ. दुकानदार गालात हसायचा. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे, कारण यादी अशीच असते अशी माझी पक्की समजूत होती. वडिलांचा दुसरा नियम असा की पक्कं लिहून झालं की कच्चं जवळ ठेवू नये. दोन कागद राहिले की भांडण लागतं, असं ते म्हणायचे. एकच कागद राहिला तरी केवढं भांडण लागतं ते त्यांना कुठे माहीत होतं.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, आणि त्यात आमचं नगर परिषदेचं हायस्कूल. कौलारू छप्पर, मागे दोन नव्या खोल्या, आणि पुढे हे भलंमोठं मैदान. शाळा नावाला मुलांची होती, बाकी सगळ्या गावाची. मतदान तिथे, पोलिओचे डोस तिथे, लग्नाची पंगत पावसानं गाठली की व्हरांड्यात पानं मांडायची ती तिथेच. वॉर्डातल्या बाया शाळेच्या नळावर पाणी भरायच्या आणि पोरांना पाढे चुकल्याबद्दल परस्पर रागवायच्या. कोणाला दाखला पाहिजे, कोणाला वय पाहिजे, तो आमच्या हेडसरांच्या खोलीबाहेर बाकावर बसलेला असायचा. वय पाहिजे म्हणजे खरंच वय पाहिजे. अर्ध्या तालुक्याची जन्मतारीख आमच्या शाळेनं ठरवली होती. नाव घालायला आलेल्या बापाला तारीख आठवली नाही की त्या काळचे गुरुजी एक जुलै लिहून मोकळे व्हायचे. एकाच दिवशी जन्मलेली एवढी माणसं दुसऱ्या कुठल्या तालुक्यात नसतील. पण शाळेच्या रजिस्टरात लिहिलं म्हणजे ते खरं, त्यापुढे कोर्टही काही बोलत नसे.

मी नववीत होते, आणि शाळेच्या खो-खोच्या टीममध्ये होते. दिवस कापसाचे वाईट होते. बोंडं अळीनं खाल्लेली, भाव पडलेला, दोन जिनिंग बंद. खाजगी व्यापारी हात आखडून बसले, त्यामुळे जो तो सरकारी खरेदी केंद्राकडे कापसाची बैलबंडी हाकायचा. केंद्राचं फाटक नेमकं आमच्या मैदानाच्या मागल्या फाटकासमोर होतं. सांगायचा मुद्दा हा की मला तेव्हा कापसाचं काही घेणंदेणं नव्हतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: मुलींचे जिल्ह्याचे सामने आमच्या मैदानावर होणार होते. पहिल्यांदाच. पीटीच्या सरांनी ते पत्र वर्गात वाचून दाखवलं तेव्हा आम्ही नऊजणी बाकावर उभ्या राहून ओरडलो तरी कोणी रागवलं नाही.

माझ्यासाठी ती शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी दहावी, आणि दहावी म्हणजे खेळ बंद, हे वडिलांनी आधीच सांगून टाकलं होतं. सामने यवतमाळला असते तर मला पाठवलंच नसतं. मुक्कामी जायचं म्हटलं की नऊपैकी सहाजणींच्या घरून नकार ठरलेला. आमचं मैदान होतं म्हणून आमची टीम होती. सामने रविवारी होते, आणि शनिवारी संध्याकाळी पाचला जिल्ह्याचे साहेब मैदान बघायला येणार होते. त्यांना मैदान पसंत पडलं नाही तर सामने उचलून यवतमाळला नेणार, असं पत्रातच होतं.

आणि बुधवारी केंद्र बंद पडलं. आतलं आवार कापसानं भरलं, ठेवायला जागा नाही, आता फाटक सोमवारी सकाळी उघडेल असं सांगून आतले लोक निघून गेले. मागून बंड्या येतच होत्या. पोलीस हायवेवर उभं राहू देईनात, म्हणून रांग वळली आणि आमच्या मैदानात शिरली. शुक्रवारी मी मोजल्या तेव्हा त्रेचाळीस बंड्या होत्या. एकामागे एक, सापासारख्या वळसे घेत, बरोब्बर आमच्या दोन खांबांच्या मधून.

आम्ही त्या रांगेतच सराव केला. बंडीखालून पळायचं, बैलाला वळसा घालायचा, कडब्याच्या पेंढीवर बसून खो द्यायचा. शेतकऱ्यांना दोन दिवस काही काम नव्हतं, त्यामुळे आम्हाला त्रेचाळीस नवे पीटीचे सर मिळाले. मी धावायला लागले की एक आवाज यायचा, "वाकून पय व पोरी, ताठ काहून पयून राह्यली?" हा आवाज पहिल्या बंडीवरच्या काकूचा. अख्ख्या रांगेत बाई अशी ती एकटीच होती. नवरा अन् पोरं वेचणीवर, म्हणून ती एकटी बैल हाकत आली होती, बुधवारी सगळ्यांच्या आधी पोचली होती, आणि आपला पहिला नंबर हा तिच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला यायचा. मी तिचं ऐकून वाकून धावले आणि खरंच जोरात धावले. मग ती म्हणाली, "आमी रानडुकराले असंच हाकलतो."

एकतिसाव्या बंडीवर एक मफलरवाला काका होता. तो जाम खोडकर. आमच्यातली कोणी पडली की म्हणायचा, "शाबास, जमीन पक्की हाय का ते पाहून घेतलं पोरीनं." मी त्याच्यावर चिडायचे, आणि मी चिडले की तो जास्तच खूश व्हायचा.

शनिवारी सकाळी शाळा सुटल्यावर हेडसर मैदानात आले आणि त्यांनी भाषण केलं. विद्यार्थिनींचं भवितव्य, गावाचा लौकिक, सहकार्याची अपेक्षा, सगळं झालं. बंड्या फक्त मागच्या खोल्यांकडे, नाल्याकाठच्या बाभळीखाली न्यायच्या होत्या, सोमवारी सकाळपर्यंत. शेतकऱ्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकही बैल जागचा उठला नाही.

काकू म्हणाली, "सर, तुमी म्हनता ते बराबर हाय. पन इथं जिथं चाक तिथं नंबर. चाक हाललं तं नंबर गेला. मंग सोमवारी फाटकावर मले पह्यला नंबर कोन देईन? तुमी देसान का?"

 ती खोटं बोलत नव्हती. केंद्राचं टोकन सोमवारी फाटकावर मिळणार, तोवर रांग हीच काय ती पावती. तीन दिवस थंडीत बंडीखाली झोपून धरलेली जागा कोण सोडेल? पण हे शहाणपण मला आत्ता सुचतंय. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी पुढे होऊन म्हणाले, "मी लिहून देते. कोणाच्या मागे कोण, सगळं लिहून देते. सोमवारी त्याच्यावरून लागा."

"तू कोन व लिहून देनारी?" मफलरवाल्यानं विचारलं.

"शाळा लिहून देईल. शाळेच्या हजेरीच्या वहीत. शिक्का मारून."

शिक्का म्हटल्यावर मैदानात कुजबुज सुरू झाली. मी हेडसरांकडे बघितलं नाही, कारण मला माहीत होतं की ते माझ्याकडे कसे बघत असतील. पण ते म्हणाले, "होय, शाळा लिहून देईल." त्यांच्यावर माझा बाकी कशासाठी कितीही राग असो, त्या एका वाक्यासाठी मी त्यांना मानते. शेतकऱ्यांनी एकच अट घातली. रोज संध्याकाळी हजेरी झाली पाहिजे, म्हणजे मधे कोणी नवा घुसायला नको. ठरलं.

मग मी काय काम केलं म्हणून सांगू. कमरेवर हात ठेवून, माझी वही घेऊन, पहिल्या बंडीपासून त्रेचाळिसाव्यापर्यंत गेले. नाव, आडनाव, गाव. वहीच्या मागच्या पानांवर पेन्सिलीनं भराभर लिहिलं. लोक बैल जुंपायला लागले. मी व्हरांड्यात बसले, हेडसरांनी कपाटातून नवी कोरी हजेरीची वही काढून दिली, पीटीच्या सरांनी पट्टी दिली, आणि मी माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात पक्की यादी उतरवली. आमच्या वर्गाच्या हजेरीत असते तशी, काळ्या शाईत. शेवटी लाल रेघ. मग हेडसरांची सही, त्यावर गोल शिक्का. अहाहा, काय पान दिसत होतं. वडिलांना दाखवायचं असं मी मनात ठरवूनही टाकलं. कच्चे कागद मी फाडून काकूला दिले. ती तीन दगडांच्या चुलीवर चहा टाकत होती, आणि तिला पेटवायला कागद पाहिजे होता. चहा तिनं मलाही दिला.

दुपारी चारपर्यंत मैदान मोकळं झालं. बंड्या बाभळीखाली जशा जागा मिळाली तशा उभ्या राहिल्या, सावली बघून, ओळख बघून, कोण कुठे, कसलाच ताळमेळ नाही. त्याची आता कोणाला फिकीर नव्हती, कारण वहीत लिहिलेलं होतं. आम्ही शेण उचललं, झाडलं, पाणी मारलं, फक्कीच्या पांढऱ्या रेघा आखल्या. पाचला साहेब आले. त्यांनी खांब हलवून बघितला, पाऊल आपटून बघितलं, आणि म्हणाले, "छान आहे, उद्या इथेच घेऊ." पीटीच्या सरांनी त्यांना दोनदा नमस्कार केला. आम्ही त्यांची जीप वळेपर्यंत दम धरला आणि मग मैदानभर नाचलो.

साहेब गेले, आणि हजेरीची वेळ झाली. अजून चांगला उजेड होता. झेंड्याच्या चबुतऱ्यावर मी उभी, हातात वही, समोर त्रेचाळीस माणसं. मला इतकी मोठी झाल्यासारखं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मी गळा साफ केला आणि पहिलं नाव पुकारलं.

"हजर," मफलरवाला काका म्हणाला. म्हणाला आणि इकडेतिकडे बघायला लागला. लोकांना वाटलं हा चेष्टा करतोय, ते हसले. मी दुसरं नाव पुकारलं. तो माणूस एकोणिसाव्या बंडीचा होता. तिसरा अडतिसाव्या. आता कोणी हसत नव्हतं.

"पोरी, थांब," काकू म्हणाली. "तू हे कसं वाचून राह्यली?"

मी वहीकडे बघितलं आणि पानावरून बोट खाली नेलं. मी आडनावांप्रमाणे लिहिलं होतं. अ, आ, उ, क, ख. शाळेची हजेरी तशीच असते, आमच्या किराण्याची यादीही तशीच असते, आणि माझ्या हातानं मला न विचारता तसंच लिहिलं होतं. तीन दिवसांची रांग मी सुबक अक्षरात मोडून टाकली होती. कच्चा कागद? तो चहाखाली जळला. बंड्या? त्या बाभळीखाली कशाही उभ्या.

मैदानात एकच गलका झाला. कोणी म्हणालं, पोरीनं मुद्दाम केलं. कोणी म्हणालं, शाळेत असंच शिकवतात का. पाचदहा जण बैलांकडे धावले, कारण आता जो आधी बंडी आत घालेल त्याचा नंबर आधी, हे सगळ्यांना एकदमच सुचलं. बंड्या परत आत आल्या असत्या तर आमच्या रेघा, आमचे खांब, उद्याचे सामने, सगळं चाकाखाली गेलं असतं. पीटीच्या सरांनी शिट्टी वाजवली. ती कोणी ऐकली नाही. मी चबुतऱ्यावरच बसले आणि रडायला लागले. दुःखानं नाही, रागानं. स्वतःच्या हाताचा इतका राग मला परत कधी आला नाही.

काकू चबुतऱ्यापाशी आली. "तो कागद कुठं हाय?"

"तुम्हीच चूल पेटवली ना त्यानं."

तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि ती हसली. मोठ्यानं, पदर तोंडाला न लावता. बैलांकडे धावणारे तिचं हसणं ऐकून थांबले. हसता हसता ती चालत गेली आणि आमच्या दोन खांबांमधल्या आखलेल्या पट्ट्यावर, पहिल्या खांबाला पाठ लावून, खाली बसली. तिथून तिनं आवाज दिला. असा आवाज दिला की हायवेवरच्या ट्रकवाल्यांनीही ऐकला असेल.

"म्या पह्यली. हे साऱ्यायले ठाऊक हाय. वही गेली तं गेली. माह्या मागं कोन होतं, त्यानं इथं येऊन बसावं."

 मग एका शिंगाच्या बैलाचा धनी तिच्याजवळ आला आणि डोकं खाजवत बसला. "मंग तुह्या मागं कोन होतं?" काकूनं विचारलं. तो म्हणाला, "हा टायरच्या बंडीवाला." टायरवाला आला. त्याच्या मागचा आला. प्रत्येकाला आपल्या पुढचा अन् आपल्या मागचा पाठ होता. तीन दिवस एकमेकांची तंबाखू खाल्लेली माणसं ती, विसरतील कशी? मी डोळे पुसले, धावत गेले आणि रांगेच्या टोकाशी उकिडवी बसून वहीच्या दुसऱ्या पानावर लिहायला लागले. आधीचे सहा उतरवले, मग सात, आठ, नऊ. या वेळी आडनावाकडे बघितलंच नाही.

बावीसला गाडी अडली. दोघेजण म्हणाले, मीच तेविसावा. आवाज चढले. मग बावीसवाला उठला, दोघांकडे नीट बघितलं आणि एकाला म्हणाला, "तुह्या बैलानं तीन दिवस माह्या बंडीतला कडबा खाल्ला. म्या काई बोललो नाई. माह्या मागं तूच होता." तो माणूस ओशाळला, आणि कडबा खाल्ल्याचं कबूल करावं की नंबर सोडावा या पेचात पडला. शेवटी म्हणाला, "होय, खाल्ला." मी लिहिलं, तेवीस. सगळं मैदान हसलं, दुसरासुद्धा हसला आणि चोविसाव्या जागी बसला.

एकतिसावर पुन्हा थांबलं. मफलरवाला जागेवर येईना. माझ्या हातातली वही घेऊन तो चबुतऱ्यापाशी गेला आणि पहिलं पान उघडून बघायला लागला. वाचता येत होतं त्याला.

"इथं माहा नंबर एक हाय," तो म्हणाला. "शाळेनं लिहेल हाय. सरांची सही हाय. शिक्का हाय."

 बरोबरच बोलत होता तो. सोमवारी त्यानं ते पान केंद्राच्या फाटकावर दाखवलं असतं तर शाळेला काय म्हणता आलं असतं? आमचंच रजिस्टर खोटं आहे, असं? अर्धी रांग जमिनीवर बसलेली, अर्धी उभी, आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. काकूनं मान वळवली, पण ती खांबापासून हलली नाही.

"माही जन्मतारीखही ह्याच शाळेनं लिहेल हाय," मफलरवाला म्हणाला. "एक जुलै. माय म्हनते, म्या पोयाच्या दिवशी झालो, दारात बैल सजवून उभे होते. ते चुकीचं लिहेल म्या आयुष्यभर चालवून घेतलं." त्यानं वही बंद केली आणि माझ्या हातात दिली. "एक चालवून घेतलं. दोन नाई चालवत." आणि तो जाऊन एकतिसाव्या जागी बसला. बसल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "जमीन पक्की हाय." मला त्याचा गालगुच्चा घ्यावासा वाटला. एवढा मोठा माणूस, पण वाटला.

त्रेचाळीस पूर्ण झाले तेव्हा सूर्य बाभळीमागे गेला होता. हेडसरांनी दुसऱ्या पानावर सही केली, शिक्का मारला. पहिलं पान मी फाडायला निघाले तर त्यांनी माझा हात धरला. शाळेच्या वहीतलं पान फाडायचं नसतं, खोडायचंही नसतं, त्यावर लाल शाईनं "रद्द" लिहून सही घ्यायची असते, असं ते म्हणाले. सोमवारी लिही, आज जा, झोप, उद्या खेळायचंय.

रविवारचं काय सांगू. सकाळी आम्ही मैदानात आलो तर रेघेच्या बाहेर, एका कडेला, त्रेचाळीस माणसं बसलेली. रांगेनं. पहिली काकू, मग एका शिंगाच्या बैलाचा धनी, मग टायरवाला, तसं ओळीनं एकतिसाव्या मफलरवाल्यापर्यंत आणि पुढे शेवटपर्यंत. वही असूनही. ऊन फिरलं तरी कोणी सावलीकडे सरकलं नाही. पाणी प्यायला उठला तो परत आपल्याच जागी बसला. यवतमाळच्या मुली विचारत होत्या, हे कोण लोक आहेत? आमची एक म्हणाली, "आमचे सर आहेत."

पांढरकवड्याच्या टीमला आम्ही सकाळी सहज हरवलं. दुपारी यवतमाळ. त्यांच्या मुली बुटांत, आम्ही अनवाणी. शेवटचा डाव, आमचा पाठलाग, त्यांची शेवटची पोरगी मैदानात, आणि ती बाद झाली तर आम्ही जिंकणार. ती वाऱ्यासारखी पळत होती. मला मागून खो मिळाला, मी उठले, आणि मला काही दिसत नव्हतं, फक्त कानात एक आवाज: "वाक. वाक. वाक व पोरी." मी वाकले. जमिनीलगत, रानडुकरामागे धावतात तशी धावले आणि खांबापाशी तिच्या पाठीला हात लावला. शिट्टी झाली. त्रेचाळीस माणसांनी टोप्या, मफलर, रुमाल सगळं वर उडवलं, आणि तरी एकही माणूस जागचा उठला नाही. मी इतकी आनंदात होते की मला उलटी येईल असं वाटलं.

अंतिम सामना बाभुळगावशी होता आणि तो आम्ही एका गुणानं हरलो. मफलरवाल्याच्या मते पंचाचा जन्म एक जुलैचा असणार. वडील येऊन कडेला उभे होते, ते मला दिसलंच नव्हतं. घरी जाताना त्यांनी फक्त एवढं विचारलं, "यादीचं काय झालं म्हणतात?" मी सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्याही हातून हेच झालं असतं." माझ्या वडिलांकडून मला मिळालेली एवढी मोठी शाबासकी दुसरी नाही.

सोमवारी सकाळी फाटक उघडलं. मी दुसरं पान वाचलं, एकेक बंडी आत गेली, कुठे तंटा नाही. मग वर्गात गेले, पण लक्ष नव्हतं. दुपारच्या सुटीत मी हेडसरांची वही घेऊन व्हरांड्यात बसले, लाल शाई आणि पट्टी घेऊन. पहिल्या पानावर रद्द लिहायचं होतं.

काकूची रिकामी बंडी मैदानात आली. तिचा कापूस मोजून झाला होता. ती उतरली, माझ्याजवळ पायरीवर बसली आणि वहीत बघितलं. "हे ते चुकीचं पान?"

"हो."

"ह्यात माहं नाव कोनतं?"

मी बोट ठेवलं. शेवटचं, त्रेचाळिसावं. बेचाळीस नावांखाली मी लाल रेघ मारली होती, रेघेखाली मधोमध "मुली" लिहिलं होतं, आणि त्याखाली तिचं एकटीचं नाव. माझं तोवर तिकडे लक्षच गेलं नव्हतं. सगळी शाळा तसंच लिहायची, आधी मुलं, मग मुली.

"म्या पह्यली होती, अन् तू मले शेवटी टाकली," ती म्हणाली.

मी ओशाळून म्हणाले, "शाळेत असंच लिहितात काकू. मुलींची नावं रेघेखाली असतात. आमच्या वर्गाच्या हजेरीत माझंही तिथेच आहे."

ती ते नाव बघत राहिली. तिला ते वाचता येत नव्हतं, पण कुठलं आहे ते आता कळलं होतं. "म्हंजे म्या शाळेत असती, तं माहं नाव इथं असतं? ह्या जागी?"

"हो."

"मंग हे खोडू नोको," ती म्हणाली. "पन एकटी कशी बसू म्या तिथं?"

मी लाल शाईची बाटली बंद केली. काळं पेन उघडलं आणि तिच्या नावाखाली चव्वेचाळीस नंबर घालून माझं नाव लिहिलं. शाळेच्या वहीत, शिक्का मारलेल्या पानावर. हेडसर काय म्हणतील याची मला तेव्हा जराही भीती वाटली नाही. मग पायरीवर उभी राहून मी रेघेखालची हजेरी घेतली. आधी तिचं नाव पुकारलं.

ती उठून उभी राहिली. पदर सारखा केला, हात जोडून पुढे घेतले आणि म्हणाली, "हजर."

मग मी माझं नाव पुकारलं आणि तिच्या शेजारी उभं राहून म्हणाले, "हजर." तिच्या नावापुढे आणि माझ्या नावापुढे मी खूण केली, आणि ती बैल जुंपायला गेली.